सव्वादोनशे भागाकार

कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या कार्डावर उरलं होतं. तोंडातोंडी ते बाकीराव. कुठलाही आकडा समोर आला की त्याला आधी दोनाने, मग तीनाने, मग पाचाने असं भागत सुटायचं आणि शेवटी बाकी किती राहिली ते पुटपुटायचं, ही त्यांची सवय. बसचं तिकीट असो की दवाखान्यातला केसपेपर, त्यांच्या तावडीतून आकडा धड सुटत नसे.

हा नुसता छंद नव्हता. त्यावर पोट होतं. बाकीराव दात्यांची चाकं कापायचे. मिलिंग मशीनवर पोलादाची गोल चकती चढवायची, एक खाच कापायची, चकती नेमकी तेवढीच फिरवायची, पुढची खाच कापायची. नेमकं फिरवायला डिव्हायडिंग हेड नावाचं यंत्र असतं. त्याचा दांडा चाळीस वेळा फिरवला की चकती एकदा फिरते. दांड्यामागे भोकांची प्लेट असते. एका ओळीत सतरा भोकं, दुसरीत एकोणीस, असं करत एकोणपन्नासापर्यंत. दात्यांचा आकडा या भोकांच्या हिशेबात फुटला तर काम सरळ. नाही फुटला तर घाम. शाळेत याला अवयव पाडणं म्हणतात. कारखान्यात आकडा फोडणं म्हणतात.

बाकीरावांची शाळा सातवीतच सुटली होती. कामावर लागले तेव्हा पहिलंच चाक त्यांनी एकोणचाळीस दात्यांचं कापायला घेतलं. एकोणचाळीस भोकांच्या ओळीत दर दात्याला दांड्याचा एक पूर्ण फेरा आणि वर एक भोक. त्यांनी सुरुवातीचं भोकच एक म्हणून मोजलं. म्हणजे वरचं भोक कधी सरकलंच नाही, आणि चाकाला दाते पडले चाळीस. तेव्हाचे मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी ते चाक हातात दिलं आणि सगळ्यांसमोर एकेक दाता मोठ्याने मोजायला लावला. चाळीस म्हणताना कान लाल झाले. त्या दिवसापासून बाकीरावांनी आकडा आधी तोंडाने म्हणायचा आणि मग हात लावायचा, असं ठरवलं, आणि चौतीस वर्षांत ते एकदाही मोडलं नाही.

या चौतीस वर्षांत त्यांचा शब्द दगडावरची रेघ झाला होता. नवीन काम आलं की फोरमन कागद त्यांच्यापुढे सरकवायचा. बाकीराव म्हणाले फुटतो, तर काम घ्यायचं. म्हणाले फुटत नाही, तर परत पाठवायचं. पुन्हा कोणी तपासत नसे. शेजारच्या लेथवरचा टर्नर, त्यांच्याच बरोबरीने लागलेला आणि जिभेला हाड नसलेला, तोही या बाबतीत गप्प असायचा. एरवी तो म्हणायचा, "बाकी, तुझ्या लग्नात पत्रिकेवरची तारीखही भागली असशील." बाकीरावांनी ती भागली होती. पण ते त्याला सांगितलं नव्हतं.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना तेलाच्या कारखान्यातला फिटर एक कागद घेऊन आला. त्यांच्याकडे तेल मोजायचं एक जुनं मीटर होतं. तीस वर्षं बिनचूक चाललेलं. मीटर एका मापात मोजत होतं आणि आता वरून हुकूम आला होता की आकडा दुसऱ्या मापात दिसला पाहिजे. मीटर आणि आकडे दाखवणारी नवीन मोजणी यांच्यामध्ये चाकांची पेटी बसवायची होती. इकडचा दांडा एक लाख पंचवीस हजार फेरे फिरला की तिकडचा वीस लाख अठ्ठेचाळीस हजार तीनशे त्र्याऐंशी फेरे फिरला पाहिजे. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. एका दुकानाने जवळपासचं काहीतरी करून दिलं होतं. लाखामागे पंधराचा फरक पडत होता. मोजणी कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे फरक साठत जातो. मापं तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ती पेटी नापास केली होती. नेमकी पेटी झाली नाही तर वार्षिक बंदच्या दिवसांत जुनं मीटर काढून टाकणार होते.

खालचा आकडा, सव्वा लाखाचा, बाकीरावांनी उभ्या उभ्या फोडला. पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास. प्रश्न वरच्याचा होता. तो लहान आकड्यांत फुटला तरच तेवढ्या दात्यांची चाकं कापून साखळी लावता येणार. फुटलाच नाही, तर वीस लाख दात्यांचं चाक काही जगात कोणी कापत नाही.

फोरमनने पंधरा दिवस दिले.

बाकीरावांनी आधी काम मोजलं. ज्या आकड्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही, तो मूळ आकडा. फक्त मूळ आकड्यांनी भागून पाहिलं तरी पुरतं. तेही शेवटपर्यंत नाही. उत्तर भाजकापेक्षा लहान होऊ लागलं की थांबायचं, कारण त्यापुढचं सगळं आधीच तपासून झालेलं असतं. इथे ती हद्द चौदाशे एकतीसला येत होती. त्यांच्याजवळ दोन याद्या होत्या. पहिली प्लेटवरच्या मूळ आकड्यांची, दोनापासून सत्तेचाळीसपर्यंत, पंधरा. दुसरी त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं वाढवलेली, 'जड आकडे' नावाची. प्लेटवर न मिळणारे, कापताना छळणारे मूळ आकडे, त्रेपन्नपासून दीड हजारापर्यंत. हद्दीच्या आतले दोनशे दहा निघाले. एकूण सव्वादोनशे. दिवसाला पंधरा भागाकार.

ऑफिसातल्या कारकुनाने आपला कॅल्क्युलेटर पुढे केला. बाकीरावांनी एकदा वापरून पाहिला आणि परत दिला. तो टिंबापुढे आकड्यांची माळ लावतो, बाकी काही सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पाच भागाकार सकाळी कामाच्या आधी, पाच जेवणाच्या सुट्टीत, पाच घरी गेल्यावर. एकेका भागाकाराला सहा मिनिटं: तीन भागायला, तीन उलट गुणून तपासायला. पहिले तीन तर नजरेनेच गेले. साताने भागून बाकी एक राहिली. तेराने भागून बारा, म्हणजे एकाने हुकला. दुसऱ्या दिवसाची शेवटची ओळ एकशे तेरा, बाकी बत्तीस. तिसऱ्या दिवसाची पहिली ओळ एकशे एकतीस, बाकी सदुसष्ट. वहीत एकही खाडाखोड नव्हती. खाडाखोड झाली की ते अख्खा भागाकार पुन्हा करायचे, आणि दिवसाचा आकडा पूर्ण होईपर्यंत उठायचे नाहीत.

चौदाव्या दिवशी बाराशे एकतीसची पाळी आली. बाकी राहिली बाराशे तीस. आकड्यात फक्त एक जास्त असता तर बरोबर सोळाशे चौसष्ट वेळा भाग गेला असता. बाकीराव पेन्सिल ठेवून जरा वेळ बसले. टर्नरने डोकावून पाहिलं आणि म्हणाला, एकच तर आहे, टाक की. बाकीरावांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो निमूट लेथवर गेला.

पंधराव्या दिवशी शेवटचा भागाकार चौदाशे एकोणतीसचा. उत्तर चौदाशे तेहेतीस, बाकी सहाशे सव्वीस. संपलं. त्यांनी कागदावर शाईने लिहिलं, 'वरचा आकडा मूळ आहे. फुटत नाही.' खाली सही केली. फोरमनने त्याखाली सही केली आणि कागद तेलाच्या कारखान्यात परत गेला. कोणी एक अक्षर विचारलं नाही. बाकीरावांना समाधान वाटलं. काम झालं नव्हतं, पण उत्तर मिळालं होतं, आणि ते घामाचं होतं.

त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने पडद्याचं कापड जमिनीवर पसरलं आणि त्यांना टेपचं टोक धरायला बसवलं. टेपच्या एका काठाला इंच होते, दुसऱ्या काठाला सेंटिमीटर. तिने कापड पन्नास इंचांवर चिमटीत धरलं. गिऱ्हाईकाला सेंटिमीटरमध्ये लिहून हवं होतं, म्हणून तिकडचं वाचा म्हणाली.

"एकशे सत्तावीस," बाकीराव म्हणाले.

आणि तिथेच थांबले. पंधरा दिवस त्यांनी प्रत्येक भाजक आधी तोंडाने म्हटला होता. हा आकडा त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. जीभ खोटं बोलत नव्हती. टेपचं टोक सोडून ते उठले, कापड सरकलं, बायको ओरडली. त्यांनी वही काढली. एकशे तेरा. त्याखाली एकशे एकतीस. मध्ये काही नाही. जड आकड्यांची जुनी यादी काढली. तिथेही नाही.

का नाही, हेही त्यांना तिथेच कळलं. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर एकशे सत्तावीस दात्यांचं चाक लावावं लागतं. ते प्रत्येक लेथबरोबर आयतं येतं आणि खणात पडून असतं. ते कोणी कापत नाही. जे कधी कापायचंच नाही ते जड कसलं? म्हणून यादी करताना त्यांनी तो आकडा घेतलाच नव्हता. आणि प्लेटवर तर तो नव्हताच. दोन याद्यांच्या फटीतून तो पडला होता, तोही पंचवीस वर्षांपूर्वी.

त्यांनी भागाकार मांडला. वीस लाख अठ्ठेचाळीस हजार तीनशे त्र्याऐंशी भागिले एकशे सत्तावीस. सोळा हजार एकशे एकोणतीस. बाकी शून्य. सोळा हजार एकशे एकोणतीसला पुन्हा त्यानेच भागलं. एकशे सत्तावीस. बाकी शून्य. आकडा तीन सारख्या तुकड्यांत फुटला होता. उलट गुणून पाहिलं. बरोबर.

बायकोने कापड पुन्हा सरळ केलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. पंधरा दिवस घरात या एका आकड्याशिवाय तिने काही ऐकलं नव्हतं.

"फुटला ना? मग तोंड का असं पाडलंय?"

"फुटत नाही असं लिहून दिलंय मी. सही करून."

तिने टेपचं टोक पुन्हा त्यांच्यापुढे केलं. मग म्हणाली, "तर मग जाऊन सांगा, नाहीतर गप्प राहा. पण दोन महिने माझ्या घरात हे तोंड घेऊन बसायचं नाही. आणि आता टोक धरा."

बाकीरावांनी टोक धरलं. पडद्याचं माप पूर्ण झालं.

सकाळी भोंग्याच्या आधी ते फोरमनच्या केबिनबाहेर उभे होते. फोरमनने वही पाहिली, दोनदा पाहिली आणि दार लावून घेतलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याने हिशेब मांडला. कागद गेला, विषय मिटला. हे जगात कोणाला कळणार नाही. कळवलं तर चौतीस वर्षांत परत पाठवलेल्या प्रत्येक कामावर बोट येईल, आणि बाकीराव दोन महिन्यांनी जाणार ते हेच नाव घेऊन जाणार.

बाकीराव म्हणाले, बोट येऊ दे. परत पाठवलेली कामं पुन्हा तपासायलाच हवीत.

फोरमनने कपाळाला हात लावला. मग त्याची नजर वहीवर गेली आणि त्याला वाट सापडली. एकशे तेरावर दुसरा दिवस संपला होता, एकशे एकतीसला तिसरा सुरू झाला होता. "हे बघा, दिवस बदलताना एक ओळ राहिली असं लिहा. कोणाच्याही हातून होतं. कोणी नावं ठेवणार नाही."

"ओळ राहिली नाही, साहेब. आकडा यादीतच नव्हता."

"एकच झालं ना ते?"

"नाही. ओळ राहिली तर एका दिवसाची चूक. यादी चुकली तर पंचवीस वर्षांची."

फोरमनने गेटपास लिहून दिला.

तेलाच्या कारखान्यात जुनं मीटर अजून जागेवर होतं, पण त्याचे नट सैल केलेले होते आणि शेजारी नवीन मीटरची बंद पेटी येऊन पडली होती. वार्षिक बंद सुरू व्हायला बारा दिवस होते. फिटर बाकीरावांना पाहून चकित झाला. ज्याने नाही म्हटलं तो माणूस स्वतःच्या पायाने पुन्हा आलेला त्याने पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न बाकीरावांनी आधी विचारला: हे दोन आकडे येतात कुठून?

फिटरने सहज सांगितलं. जुनं मीटर घन इंचात मोजतं, नवीन मोजणी घन सेंटिमीटरमध्ये हवी. त्याने हातांनी हवेत एक खोकं दाखवलं. "पन्नास इंच लांब, पन्नास रुंद, पन्नास उंच. त्यात सव्वा लाख घन इंच तेल मावतं. तेच खोकं सेंटिमीटरने मोजा."

बाकीरावांनी सेंटिमीटरने मोजलं. एकशे सत्तावीस लांब, एकशे सत्तावीस रुंद, एकशे सत्तावीस उंच. पंधरा दिवस ज्याला त्यांनी पाठीमागून ढकललं होतं, त्याचं दार समोर उघडंच होतं. ते फिटरच्या स्टुलावर बसले आणि आपण विचारलं नाही एवढंच म्हणाले.

"तुम्ही मागितला आकडा, मी दिला आकडा," फिटर म्हणाला. "खोकं मागितलं असतं तर खोकं दिलं असतं."

त्याने फाइलमधून तो कागद काढला. फाडून टाकतो, नवीन लिहून द्या, असं तो म्हणाला. बाकीरावांनी कागद त्याच्या हातातून घेतला आणि आपल्या जुन्या सहीखाली, फोरमनच्या सहीच्याही खाली, लिहिलं: 'वरचं चूक आहे. आकडा फुटतो. १२७ गुणिले १२७ गुणिले १२७. हा भाजक माझ्या यादीत नव्हता, म्हणून तपासला गेला नाही.' आणि पुन्हा सही केली. वार्षिक बंद सुरू होण्याआधी चाकांची पेटी मिळेल, असं तोंडी सांगून ते निघाले.

बारा दिवसांत तीन चाकं एकशे सत्तावीस दात्यांची आणि तीन पन्नास दात्यांची. पन्नासची प्लेटवर झाली. एकशे सत्तावीसला प्लेट नव्हती. बाकीराव टर्नरकडे गेले आणि त्याच्या खणातलं चाक मागितलं. ते त्यांना नमुना म्हणून हवं होतं: कोऱ्या चकतीबरोबर एकाच दांड्यावर बसवायचं, त्याच्या खाचेत खुंटी टाकायची, एक दाता कापायचा, खुंटी पुढच्या खाचेत. प्लेटऐवजी चाकच मोजून देणार.

टर्नरला एव्हाना सगळं कळलं होतं. त्याने खण उघडला, चाक काढलं, त्यावरचं जुनं ग्रीस कापडाने अगदी सावकाश पुसलं. "तीस वर्षं इथे पडलंय. तुझ्यापासून सात पावलांवर. एकदा नुसती हाक मारायची, बाकी."

"दे इकडे," बाकीराव म्हणाले.

तीन चाकांचे मिळून तीनशे एक्याऐंशी दाते. प्रत्येक दाता त्यांनी मोठ्याने मोजला. तिन्ही चाकांचा शेवटचा दाता पहिल्याइतकाच भरला.

चाचणी तेलाच्या कारखान्यात दोन दिवस चालली. एक संथ मोटर पेटीच्या दांड्याला लावली, दोन्हीकडे मोजणी शून्यावर आणली. मिनिटाला चाळीस फेरे. सव्वा लाखाला बावन्न तास. तिसऱ्या दिवशी दुपारी फोरमन, टर्नर, फिटर आणि मापं तपासणारा अधिकारी मोजणीभोवती उभे होते. इकडचा आकडा एक लाख चोवीस हजार नऊशे नव्याण्णव झाला तसा फिटरने मोटरच्या बटणावर हात ठेवला. मग तो एक लाख पंचवीस हजार झाला आणि फिटरने मोटर बंद केली. तिकडे वीस लाख अठ्ठेचाळीस हजार तीनशे त्र्याऐंशी होते. अधिकाऱ्याने चष्मा लावून एकेक अंक वाचला, आपल्या वहीत लिहिला आणि कोणी कापली चाकं ते विचारलं. मग त्याने कागद मागितला. त्यावरच्या तीन सह्या आणि दोन उत्तरं त्याने शांतपणे वाचली. तिथला कारकून पुढे होऊन म्हणाला, याची स्वच्छ प्रत काढून देतो, फक्त बरोबर असलेलं ठेवून. बाकीरावांनी नको म्हटलं. कागद होता तसाच फाइलला लागला.

नवीन मीटरची पेटी न उघडताच परत गेली.

परत आल्यावर बाकीरावांनी फोरमनकडे दोन गोष्टी मागितल्या. परत पाठवलेल्या कामांचे जुने कागद, आणि यापुढे आपण फोडलेला प्रत्येक आकडा दुसऱ्याने तपासावा. कागद एकूण त्रेसष्ट होते. ते सगळे एकशे सत्तावीसने भागून झाले. एकालाही भाग गेला नाही. हे त्यांनी फोरमनला लिहून दिलं, आणि खाली तपासणाऱ्याची सही लागेल म्हणाले.

तपासायचं काम टर्नरने आनंदाने अंगावर घेतलं. निवृत्तीपर्यंतच्या सहा आठवड्यांत नवीन एकतीस आकडे आले. बाकीराव फोडायचे, टर्नर लेथ थांबवून, कान खाजवत, तेच पुन्हा भागायचा. सुरुवातीला त्याला एका आकड्याला अर्धा तास लागायचा. नंतर तोही पुटपुटायला लागला. चूक एकही निघत नव्हती, आणि त्याला ते सहन होत नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्याने एकतिसावा कागद आणून बाकीरावांच्या मशीनवर टाकला. "एकदा तरी चुकायचं होतंस की रे. मी काय फुकट पेन्सिल घासली सहा आठवडे?"

बाकीरावांनी कागदावर नजर फिरवली. टर्नरने एक भागाकार उलट गुणून तपासला नव्हता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि कागद त्याच्या हातात परत दिला.

"हा राहिला. पुन्हा कर," ते म्हणाले, आणि मशीन पुसायला घेतलं.